संकलक व निर्वचक

संगणकाकडून करवून घ्यावयाचे काम माणूस ज्या भाषेत लिहितो ती भाषा व संगणकाच्या यंत्रणेला प्रत्यक्ष कळणारी भाषा या सर्वसाधारणपणे भिन्न असतात. पहिल्या भाषेतील अर्थ दुसरीत उतरविण्याचे काम ज्या आज्ञावल्या करतात, त्यांचे संकलक व निर्वचक असे दोन मुख्य प्रकार आहेत. व्यवहारात त्यांना अनुक्रमे कंपायलर व इंटरप्रिटर म्हणतात. संकलक संपूर्ण मूळ आज्ञावली वाचून तिचे रूपांतर यंत्रभाषेत किंवा तिच्या जवळच्या भाषेत करून ठेवतो व ही रूपांतरित आज्ञावली नंतर हवी तेव्हा व हवी तितक्या वेळा चालविता येते. निर्वचक असे वेगळे रूपांतर हाती देत नाही. तो मूळ आज्ञावलीतील विधानांचा अर्थ लावीत जातो आणि त्याप्रमाणे कृती स्वतःच लगोलग घडवून आणतो. ग्रंथाचा अनुवाद करणारा भाषांतरकार व संभाषण चालू असताना मध्यस्थी करणारा दुभाषा यांच्यात जो फरक असतो, तोच स्थूलमानाने या दोहोंत आहे. दोघांचेही मूळ कर्तव्य मात्र एकच असते व ते म्हणजे लिहिणाऱ्याच्या विधानांचा अर्थ न बदलता तो यंत्रापर्यंत पोहोचविणे.

यंत्रभाषा व उच्चस्तरीय भाषा : संगणकाच्या मध्यवर्ती प्रक्रियकाला ठराविक आज्ञांचाच संच समजतो. स्मृतीतील अमुक पत्त्यावरची संख्या रजिस्टरमध्ये आणावी, दोन रजिस्टरांतील संख्यांची बेरीज करावी, उत्तर शून्य आल्यास अमुक पत्त्यावरील आज्ञेकडे वळावे, अशा स्वरूपाच्या या आज्ञा असून त्या द्विमान अंकांच्या म्हणजे ० व १ यांच्या गटांनी दर्शविल्या जातात. हा संच प्रत्येक प्रकारच्या प्रक्रियकाचा वेगळा असतो. यंत्रभाषेत लिहिताना प्रत्येक संख्येचा पत्ता लक्षात ठेवावा लागतो व मध्येच एखादी आज्ञा घालावयाची झाल्यास पुढील अनेक पत्ते बदलावे लागतात. असेंब्ली भाषेत अंकांच्या जागी संक्षिप्त नावे वापरता येतात. परंतु तिचे एक विधान सामान्यतः यंत्राच्या एका आज्ञेइतकेच असते. उच्चस्तरीय भाषांत (उदा., फोर्ट्रान, कोबोल, पास्काल, सी, जावा, पायथॉन) बीजगणितातील सूत्रांसारखी व इंग्रजी वाक्यांशी साधर्म्य असलेली विधाने लिहिता येतात आणि एका विधानातून यंत्राच्या अनेक आज्ञा निष्पन्न होतात. हे अंतर संकलक किंवा निर्वचक भरून काढतो.

इतिहास : अगदी आरंभीच्या संगणकांवरील कामे यंत्रभाषेतच लिहिली जात. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅक संगणकासाठी १९५१–५२ मध्ये तयार केलेल्या ए-० या प्रणालीला संकलक हे नाव देण्यात आले. अगोदर लिहून ठेवलेल्या लहानलहान आज्ञावल्या फितीवरून गोळा करून त्यांची एक सलग आज्ञावली बांधणे हे तिचे कार्य असल्याने ‘संकलन’ हा शब्द तिला अन्वर्थक होता. पुढे शब्दाचा अर्थ विस्तारला. पण नाव तेच राहिले. १९५२ मध्ये अॅलिक ग्लेनी यांनी मँचेस्टर येथील मार्क-१ संगणकासाठी ऑटोकोड ही भाषा व तिचा अनुवादक तयार केला.

निर्वचनाकडून संकलनाकडे झालेली वाटचाल आयबीएम या कंपनीच्या यंत्रांच्या बाबतीत विशेष स्पष्टपणे दिसते. जॉन बॅकस यांनी आयबीएम ७०१ या संगणकासाठी १९५३ मध्ये ‘स्पीडकोडिंग’ ही निर्वचक प्रणाली केली. या यंत्रात फ्लोटिंग पॉइंट पद्धतीचे, म्हणजे अपूर्णांकी व अतिशय मोठ्या-लहान संख्यांचे अंकगणित करणारी मंडले नव्हती. ते काम अनेक साध्या आज्ञा वापरून करावे लागत असल्याने मुळातच सावकाश चाले व निर्वचकाला लागणारा जादा वेळ त्यात लपून जाई. पुढील आयबीएम ७०४ या संगणकात हे अंकगणित मंडलांतच करण्याची सोय झाली. परिणामी गणनेचा वेळ कमी झाला व अर्थ लावण्यात जाणारा वेळ ठळकपणे नजरेत भरू लागला. आता विधानांचा अर्थ एकदाच लावून थेट यंत्रभाषा निर्माण करणे इष्ट होते. बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये हाती घेतलेला फोर्ट्रानचा संकलक एप्रिल १९५७ मध्ये ग्राहकांना मिळू लागला. त्याच्या निर्मितीस सु. १८ मनुष्य-वर्षे लागली, असे सांगतात. कुशल माणसाने हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या तोडीची आज्ञावली एखादे यंत्र निर्माण करील, यावर त्या काळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता. फोर्ट्रानच्या संकलकाने निर्माण केलेल्या आज्ञावलींच्या वेगामुळे हा अविश्वास बराचसा दूर झाला.

याच सुमारास जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेची आखणी केली. तिच्यातील कोणत्याही पदावलीची किंमत कशी काढावी, हे सांगणारे एक फलन त्यांनी सैद्धांतिक हेतूने लिस्पमध्येच मांडले होते. स्टीव्ह रसेल यांनी त्याचे आयबीएम ७०४ च्या यंत्रभाषेत रूपांतर केले व त्यातून लिस्पचा पहिला निर्वचक तयार झाला. १९५९ मध्ये बॅकस यांनी भाषेचे व्याकरण सूत्ररूपाने लिहिण्याची पद्धत मांडली आणि १९६० च्या अल्गॉल भाषेच्या अहवालात पीटर नाउर यांनी ती सुधारून वापरली. बॅकस–नाउर रूप या नावाने ती प्रसिद्ध आहे. नियमांच्या साहाय्याने भाषेची रचना सांगण्याची कल्पना पाणिनीच्या अष्टाध्यायीत फार पूर्वी आढळते, याकडे लक्ष वेधून पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये या पद्धतीला पाणिनी–बॅकस रूप म्हणावे, असे सुचविले होते.

संकलनाचे टप्पे : संकलकाचे कार्य सामान्यतः विश्लेषण व संश्लेषण अशा दोन भागांत विभागले जाते. विश्लेषणात मूळ विधानांची रचना व अर्थ निश्चित करतात, तर संश्लेषणात त्या अर्थाची यंत्रभाषेतील आज्ञावली बांधतात. पुढील विधानाच्या साहाय्याने हे टप्पे स्पष्ट होतील :

एकूण = मुद्दल + मुद्दल × दर × ५

(१) शब्दविश्लेषण : संकलकाला प्रथम केवळ अक्षरांची एक ओळ दिसते. तिचे नाव, अंक, चिन्ह असे सार्थ घटक पाडणे हा पहिला टप्पा होय. वरील विधानात नऊ घटक आहेत : एकूण, =, मुद्दल, +, मुद्दल, ×, दर, × आणि ५. हे काम दिसते तितके सरळ असेलच असे नाही. फोर्ट्रानमध्ये ‘डू १० आय = १, १०’ या विधानाने ‘आय या चलाला १ ते १० किंमती क्रमाने देऊन १० क्रमांकाच्या विधानापर्यंतचा भाग पुनःपुन्हा करावा’ असा अर्थ व्यक्त होतो. स्वल्पविरामाच्या जागी दशांश बिंदू पडला, तर ‘डू१०आय’ या नावाच्या चलाला १·१० ही किंमत द्यावी, असा सर्वस्वी वेगळा अर्थ होतो. कारण त्या भाषेच्या जुन्या रूपांत मोकळ्या जागांना महत्त्व नसे. दोन्ही विधाने व्याकरणदृष्ट्या शुद्ध असल्याने संकलक चूक दाखवीत नाही. आरंभीचा शब्द कोणता, हे ठरविण्यासाठीही त्याला पुढे स्वल्पविराम येतो की नाही, ते पाहावे लागते.

(२) रचना विश्लेषण : घटकांचा परस्परसंबंध भाषेच्या व्याकरणाप्रमाणे लावणे हा दुसरा टप्पा असून त्यातून विधानाचा रचनावृक्ष तयार होतो. गुणाकार बेरजेच्या आधी करावयाचा व सारख्या दर्जाच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करावयाच्या, या नियमांनुसार वरील विधानात मुद्दल व दर यांचा गुणाकार सर्वांत खालच्या फांदीवर येतो, त्याचा ५ शी गुणाकार तिच्या वर, मुद्दलाशी बेरीज त्याच्याही वर आणि ‘एकूण’ला किंमत देण्याची क्रिया मुळाशी येते. ज्या क्रियेची वेळ अजून आलेली नाही, तिचे चिन्ह एका चळतीवर ठेवावे व शेवटी ठेवलेले प्रथम उचलावे, या युक्तीने सूत्रांचे विश्लेषण एकाच वाचनात करण्याची पद्धत जर्मनीत एफ. एल. बाउअर व क्लाउस सामेलसन यांनी १९५० नंतरच्या दशकात विकसित केली. डॉनल्ड कनूथ यांनी १९६५ मध्ये डावीकडून उजवीकडे एकदाच वाचून ज्यांचे विश्लेषण निश्चितपणे करता येते अशा व्याकरणांचा एक विस्तृत वर्ग दाखवून दिला. त्या सिद्धांताच्या आधारे केवळ व्याकरण पुरविल्यास विश्लेषक आपोआप लिहून देणारी यॅक यासारखी साधने १९७० नंतरच्या दशकात बेल प्रयोगशाळेत तयार झाली.

(३) अर्थविश्लेषण : रचना शुद्ध असूनही विधान निरर्थक असू शकते. मुद्दल हे नाव पूर्वी घोषित झाले आहे काय, ते संख्येचे आहे की मजकुराचे, हे संकलक नामसूचीवरून तपासतो. प्रत्येक नाव, त्याचा प्रकार व ते आज्ञावलीच्या कोणत्या भागात ग्राह्य आहे, याची नोंद या सूचीत असते. मुद्दल पूर्णांक व दर अपूर्णांकी असेल, तर गुणाकारापूर्वी पूर्णांकाचे रूपांतर करणारी क्रिया वृक्षात घातली जाते.

(४) मध्यवर्ती रूप : वृक्षापासून पुष्कळदा थेट यंत्रभाषेकडे न जाता कोणत्याही विशिष्ट यंत्राशी न बांधलेले असे एक मधले रूप तयार करतात. भाषा दहा व यंत्रांचे प्रकार सहा असतील, तर प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र याप्रमाणे साठ संकलक लिहावे लागतील. मधले रूप समाईक असल्यास दहा पूर्वार्ध व सहा उत्तरार्ध पुरेसे होतात. या प्रकारच्या सर्वसामान्य भाषेचा प्रस्ताव अमेरिकेत १९५८ मध्येच मांडला गेला. पण तो त्या वेळी प्रत्यक्षात आला नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसृत केलेला जीसीसी आणि इलिनॉय विद्यापीठात २००० मध्ये सुरू झालेला एलएलव्हीएम या संकलक-संचांत हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर उपयोगात आले आहे.

(५) इष्टतमीकरण : अर्थ कायम ठेवून आज्ञावली अधिक वेगवान किंवा आटोपशीर करणे हा या टप्प्याचा हेतू असतो. ज्याचे उत्तर कधीच वापरले जात नाही ते गणित गाळणे, एकदा काढलेली किंमत पुन्हा न काढणे, आवर्तनाच्या प्रत्येक फेरीत न बदलणारे गणित आवर्तनाबाहेर नेणे इ. उपाय यात योजतात. उदा., हजार खात्यांचे व्याज काढणाऱ्या आवर्तनात ‘दर ÷ १२’ हा भागाकार असेल व दर सर्वांना समान असेल, तर तो हजार वेळा करण्याऐवजी आरंभी एकदाच केला जातो. मात्र बीजगणितात योग्य असलेले सर्वच बदल येथे ग्राह्य ठरत नाहीत. सु. १६ अंकांपर्यंत अचूक असणाऱ्या फ्लोटिंग पॉइंट संख्यांत १० चा विसावा घात घेऊन त्यातून तोच वजा केला व मग १ मिळविला, तर उत्तर १ येते. परंतु वजा करावयाच्या संख्येत १ आधी मिळविला, तर तो एवढ्या मोठ्या संख्येपुढे लोप पावतो व उत्तर ० येते. म्हणून बेरजेचा क्रम बदलण्याची मुभा संकलकाला सामान्यतः नसते.

(६) यंत्रभाषेची निर्मिती : शेवटी कोणती किंमत कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवावी व कोणत्या आज्ञा वापराव्या हे ठरवून आज्ञावली लिहिली जाते. न१ व न२ ही दोन रजिस्टरे असलेल्या एका कल्पित यंत्रासाठी वरील विधानाचे रूपांतर पुढीलप्रमाणे होईल :

आण न१, मुद्दल
आण न२, दर
गुण न२, न१
गुण न२, ५
मिळव न२, न१
ठेव एकूण, न२

विधानात मुद्दल हे नाव दोनदा आले असले, तरी ते स्मृतीतून एकदाच आणले आहे; ही इष्टतमीकरणाने केलेली बचत होय. प्रत्यक्ष यंत्रात रजिस्टरांची संख्या मर्यादित असते व त्यांचे वाटप उत्तम रीतीने करणे हा संकलकाच्या रचनेतील अवघड प्रश्नांपैकी एक आहे. निरनिराळे संकलित भाग व पूर्वी तयार असलेल्या आज्ञावल्या एकत्र सांधण्याचे काम यानंतर जोडक ही वेगळी आज्ञावली करते.

निर्वचकाची कार्यपद्धती : निर्वचकालाही शब्दविश्लेषण व रचना विश्लेषण करावेच लागते. त्यानंतर मात्र तो यंत्रभाषा लिहीत बसत नाही. वृक्षाच्या खालच्या फांदीपासून वर जात तो प्रत्येक क्रिया स्वतः करतो. त्याच्यापाशी प्रत्येक प्रकारच्या क्रियेसाठी एक लहान आज्ञावली तयार असते व ‘पुढील घटक घे, तो कोणत्या क्रियेचा आहे ते ओळख, ती क्रिया करणाऱ्या आज्ञावलीकडे जा, परत ये’ हे चक्र अखेरपर्यंत चालते. प्रक्रियक यंत्रभाषेतील आज्ञांबाबत जे मंडलांच्या द्वारे करतो, तेच निर्वचक उच्चस्तरीय भाषेबाबत आज्ञावलीच्या द्वारे करतो. या दृष्टीने निर्वचक म्हणजे ती भाषा थेट समजणारे एक आभासी यंत्रच होय.

तुलना : दहा हजार वेळा पुनरावृत्त होणाऱ्या विधानाचा अर्थ संकलक एकदाच लावतो, साधा निर्वचक तो दहा हजार वेळा लावतो. त्यामुळे गणनाप्रधान कामांत संकलित आज्ञावली अनेक पटींनी जलद ठरते. ती चालविताना संकलकाची गरज नसते व मूळ मजकूर ग्राहकाच्या हाती द्यावा लागत नाही. याउलट, मजकुरात एक अक्षर बदलले तरी त्या भागाचे संकलन पुन्हा करावे लागते व एका प्रकारच्या प्रक्रियकासाठी केलेले रूपांतर दुसऱ्या प्रकारच्या प्रक्रियकाला निरुपयोगी असते. निर्वचकाच्या बाबतीत विधान लिहिताच त्याचा परिणाम पाहता येतो. त्यामुळे शिकताना, प्रयोग करताना व चुका शोधताना तो सोयीचा पडतो. चुका उघडकीस येण्याची वेळही भिन्न असते. नावाच्या प्रकारासंबंधीची चूक संकलक आज्ञावली चालण्यापूर्वीच दाखवू शकतो. निर्वचकाला ती बहुधा त्या विधानाशी पोहोचल्यावरच आढळते व क्वचितच वापरात येणाऱ्या शाखेतील चूक अनेक महिने दडून राहू शकते.

संकलन वा निर्वचन हा भाषेचा अंगभूत गुण नसून ती कार्यवाहीत आणण्याची रीत आहे. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या बेसिक भाषेसाठी मुळात संकलकच होता. १९७५ मध्ये आल्टेअर या सूक्ष्मसंगणकासाठी आलेली बेसिक मात्र निर्वचक स्वरूपाची होती. कारण केवळ ४ किलोबाइट स्मृती असलेल्या यंत्रात संकलक, मूळ मजकूर व रूपांतरित आज्ञावली हे सर्व मावणे कठीण होते.

मिश्र पद्धती : या दोन टोकांच्या दरम्यान अनेक पायऱ्या आहेत. निकलाउस विर्थ यांच्या झुरिक येथील गटाने १९७० नंतरच्या दशकात पास्काल भाषेचे रूपांतर पी-कोड या कल्पित यंत्राच्या भाषेत करणारा संकलक तयार केला. नव्या संगणकावर पास्काल नेण्यासाठी पी-कोडचा लहानसा निर्वचक लिहिला की पुरे होई. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जाहीर केलेल्या जावा भाषेत हीच कल्पना बाइटकोड या नावाने रूढ झाली. पायथॉनची सर्वांत प्रचलित अंमलबजावणीही मजकुराचे प्रथम बाइटकोडात संकलन करते व नंतर त्याचे निर्वचन करते. तेव्हा तिला केवळ निर्वचित म्हणणे अपुरे आहे.

आज्ञावली चालू असतानाच तिचे संकलन करणे ही यापुढील पायरी होय. आरंभी बाइटकोडाचे निर्वचन होते व कोणता भाग किती वेळा चालतो याची मोजणी ठेवली जाते. वारंवार चालणाऱ्या भागांचेच यंत्रभाषेत रूपांतर केले जाते. अशा संकलकाला आगाऊ संकलन करणाऱ्याकडे नसलेली माहिती उपलब्ध असते. एखाद्या बेरजेत आतापर्यंत नेहमी पूर्णांकच आले असतील, तर पुढेही तेच येतील असे गृहीत धरून तो जलद आज्ञा निर्माण करतो. गृहीत चुकल्यास ते रूपांतर सोडून पुन्हा निर्वचनाकडे परततो. स्मॉलटॉक भाषेसाठी १९८४ मध्ये यशस्वी ठरलेल्या प्रयोगानंतर जावासाठी १९९९ मध्ये आलेल्या हॉटस्पॉट प्रणालीने ही पद्धत सर्वत्र नेली. गूगलने २००८ मध्ये जावास्क्रिप्टसाठी काढलेली व्ही-८ ही प्रणाली प्रारंभी सर्व मजकुराचे थेट यंत्रभाषेत संकलन करीत असे. त्यामुळे स्मृती फार खर्च होऊ लागल्याने २०१७ मध्ये तिच्यात बाइटकोडाचा निर्वचक मुख्य पाया म्हणून स्वीकारण्यात आला.

संकलकाचे संकलन : संकलक हीही एक आज्ञावली असल्याने तीही उच्चस्तरीय भाषेत, किंबहुना ज्या भाषेचा तो संकलक आहे त्याच भाषेत, लिहिता येते. टिमथी हार्ट व मायकेल लेव्हिन यांनी एमआयटी या संस्थेत १९६२ मध्ये लिस्पचा संकलक लिस्पमध्येच लिहिला. तो प्रथम उपलब्ध निर्वचकावर चालविला व त्याला स्वतःचाच मजकूर संकलनासाठी दिला. तयार झालेला संकलक यंत्रभाषेत असल्याने पुढे निर्वचकाची गरज उरली नाही. आज बहुतेक प्रमुख संकलक असे स्वतःचे स्वतः संकलन करतात.

या सोयीत एक धोका दडलेला आहे. केन टॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेले व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले विवेचन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. संगणकात प्रवेश देणारी आज्ञावली ओळखून तिच्यात गुप्त परवलीचा शब्द घुसडणारा व स्वतःचे संकलन होत असल्याचे ओळखून हीच खोड नव्या संकलकात उतरविणारा संकलक करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. एकदा असा संकलक तयार झाला की, मूळ मजकुरातून खोडीचा भाग काढून टाकला तरी ती पिढ्यानपिढ्या टिकून राहते व कोणताही मजकूर वाचून तिचा पत्ता लागत नाही. तोच मजकूर एका स्वतंत्र, वेगळ्या उगमाच्या संकलकातून नेऊन निष्पन्न आज्ञावल्यांची तुलना करण्याचा उपाय डेव्हिड ए. व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडला.

अचूकता : हेतुपुरस्सर खोडी नसली, तरी संकलकात चुका असू शकतात. त्या विशेष फसव्या असतात. कारण लिहिणाऱ्याचा मजकूर निर्दोष असूनही यंत्र भलतेच करते व दोष मजकुरातच शोधला जातो. यूटा विद्यापीठातील संशोधकांनी यादृच्छिक रीतीने सी भाषेतील आज्ञावल्या निर्माण करून निरनिराळ्या संकलकांची उत्तरे ताडून पाहिली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ३२५ हून अधिक पूर्वी अज्ञात असलेल्या चुका आढळल्या व तपासलेल्यांपैकी एकही संकलक सर्वस्वी निर्दोष ठरला नाही. फ्रान्समध्ये झाव्हिए लरॉय यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या कॉम्पसर्ट या संकलकात रूपांतराचे टप्पे अर्थ कायम राखतात, याची गणिती सिद्धता संगणकाच्या साहाय्याने तपासलेली आहे. त्याच्या या सिद्ध केलेल्या मधल्या टप्प्यांत वरील पाहणीत चुकीची आज्ञावली निर्माण करणारा एकही दोष सापडला नाही.

काही वेळा लिहिणारा व संकलक यांच्यात भाषेच्या नियमांविषयीच समजुतीचा फरक असतो. सी भाषेत चिन्हयुक्त पूर्णांक मर्यादेबाहेर गेल्यास काय व्हावे, हे प्रमाण-नियमांनी ठरविलेले नाही. म्हणून ‘अ + १ हा अ पेक्षा लहान झाला काय’ अशी मर्यादाभंगाची तपासणी लिहिली, तर तसे कधी घडतच नाही असे गृहीत धरून संकलक ती संपूर्ण तपासणीच गाळू शकतो. सुरक्षेसाठी घातलेली अट अशा रीतीने निघून जाते व तरीही संकलकाने नियम मोडला असे म्हणता येत नाही. म्हणून भाषेचे प्रमाण-नियम किती काटेकोरपणे लिहिलेले आहेत व लिहिणाऱ्याला ते कितपत अवगत आहेत, यांवरही रूपांतराची विश्वासार्हता अवलंबून असते.

भारतातील कार्य : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या व १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकावरील कामे यंत्रभाषेत लिहिली जात. १९६४ मध्ये त्याच संस्थेत आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकावर, तसेच कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६३ मध्ये बसविलेल्या आयबीएम १६२० वर फोर्ट्रानचे संकलक उपलब्ध झाल्याने वैज्ञानिक व अभियंते यांना यंत्राच्या अंतर्गत रचनेत न शिरता स्वतःची सूत्रे संगणकाला देता येऊ लागली. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत डी. एम. धामधेरे यांनी इष्टतमीकरणाच्या पद्धतींवर संशोधन केले असून संकलकरचनेवरील त्यांची पाठ्यपुस्तके प्रसिद्ध आहेत. याच संस्थेत उदय खेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास व प्रशिक्षण यांचे केंद्र चालविले. संकलकविषयक पाठ्यपुस्तकांत प्रमाण मानल्या गेलेल्या १९८६ च्या ग्रंथाच्या तीन लेखकांपैकी रवी सेठी हे भारतीय वंशाचे आहेत.

जावा, २००८ मध्ये आलेली पायथॉनची तिसरी आवृत्ती इ. भाषांचे शब्दविश्लेषक युनिकोड या वर्णसंकेताच्या आधारे देवनागरी नावेही स्वीकारतात. त्यामुळे मुद्दल, दर, एकूण ही चलांची नावे प्रत्यक्ष आज्ञावलीत जशीच्या तशी लिहिता येतात. भाषेचे राखीव शब्द मात्र इंग्रजीच राहतात.